कोरीव घराच्या सावलीतली झोपडी

इंडोनेशियातील सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागात, डोंगराळ तोराजा मुलखात, केते केसू नावाचे एक छोटेसे गाव आहे. रांतेपाओ या बाजारपेठेच्या गावापासून ते चार-पाच किलोमीटरवर आहे. जगभरातले पर्यटक तिथे जातात, फोटो काढतात आणि ‘परंपरा जपणारे सुंदर खेडे’ असे लिहून मोकळे होतात.

खेड्याचे असले गोडवे आपल्याला नवे नाहीत. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या गोडव्यांचा बुरखा टराटरा फाडला होता. खेडे दिसायला कसे आहे हा प्रश्नच नव्हे. त्या खेड्यात शेवटच्या माणसाची जागा कोणती, हा खरा प्रश्न आहे. तोच प्रश्न आज केते केसूला विचारून पाहू.

गाव देखणे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. भाताच्या खाचरांमध्ये उंच खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरांची एक रांग. या घरांना ‘तोंगकोनान’ म्हणतात. दोन्ही टोकांनी आभाळाकडे उचललेली, होडीसारखी त्यांची छपरे. समोर तशाच छपरांच्या धान्याच्या कणग्यांची दुसरी रांग. भिंतींवर काळ्या, तांबड्या, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांतले कोरीव काम. घरापुढच्या खांबावर म्हशी-रेड्यांची शिंगे एकावर एक रचलेली. जितकी शिंगे जास्त, तितका त्या घराण्याचा मान मोठा. मागे चुनखडीचा कडा आहे. तिथे शेकडो वर्षांपूर्वीच्या लाकडी शवपेट्या आणि उघडी पडलेली हाडे आहेत. मृतांचे लाकडी पुतळे, म्हणजे ‘ताऊ-ताऊ’, चोरीला जाऊ लागले म्हणून गजाआड ठेवावे लागले.

पर्यटक इथे थांबतो. आपण एक पाऊल पुढे जाऊ.

हे कोरीव घर बांधण्याचा अधिकार कुणाला होता? उच्चकुलीनांना. सामान्य शेतकऱ्याने साधे घर बांधायचे. आणि गुलामाने? त्याने मालकाच्या तोंगकोनानच्या आसपास झोपडी घालून राहायचे. तोराजा समाजात उच्चकुलीन, सामान्य आणि गुलाम अशी उतरंड होती. काही भागांत या पायऱ्यांना सोने, लोखंड अशी नावेही होती. सगळ्यात वर सोने, सगळ्यात खाली गवताच्या काडीसारखी कमकुवत पायरी. तळाच्या माणसाला ‘कौनान’ म्हणत.

कौनानाने सोन्याचे किंवा काशाचे दागिने घालायचे नाहीत. त्याने घरावर नक्षी कोरायची नाही. मालकाच्या ताटात जेवायचे नाही. स्वतंत्र कुळातल्या स्त्रीशी संबंध ठेवला तर देहान्त शासन. माणूस कर्जापायी गुलाम होई, युद्धात पकडला जाऊन गुलाम होई, विकलाही जाई. पैसे भरून तो स्वतः सुटू शके, पण त्याच्या लेकरांना गुलामीचा दर्जा चिकटून राही. दर्जा आईकडून येई. म्हणून खालच्या कुळात लग्न करणे निषिद्ध!

वाचकहो, हे वाचताना मनुस्मृती आठवली नाही असा आपल्यात कोण आहे? दागिन्यांवर बंदी, ताट वेगळे, घर वेगळे, प्रतिलोम विवाहाला मृत्युदंड. समुद्रापलीकडच्या डोंगरातसुद्धा विषमतेने तीच हत्यारे वापरली. अर्थात फरकही आहे. तिथे तळचा माणूस गावाबाहेर हाकललेला नव्हता, तो मालकाच्या दाराशीच होता. पण दाराशी असणे म्हणजे बरोबरीने असणे नव्हे.

मग हे मोडले कसे? १९०६ मध्ये डच सैन्य या डोंगरात शिरले आणि गुलामगिरीवर कायद्याने बंदी आली. डच काही समतेचे पुजारी नव्हते, ते राज्य करायला आले होते. १९१३ मध्ये पहिले डच मिशनरी पोहोचले. त्यांच्यापैकी व्हॅन डी लूसड्रेख्त यांची १९१७ मध्ये हत्या झाली. पुढे शाळा निघाल्या, १९४७ मध्ये तोराजा चर्च स्थापन झाले आणि हळूहळू बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले. जुना धर्म ‘आलुक तो दोलो’, म्हणजे पूर्वजांचा मार्ग, मागे पडला. १९६९ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने त्याला हिंदू धर्माची शाखा म्हणून मान्यता दिली, ही आणखी एक गंमत! सरकारी यादीत बसायचे तर कुणाच्या तरी छत्रीखाली उभे राहावे लागले.

पण धर्म बदलला म्हणून उतरंड संपली का? इथेच या गावाचा खरा धडा आहे. मिशनऱ्यांनी ‘धर्म’ आणि ‘रूढी’ असे दोन भाग पाडले. देव बदलायचा, रूढी चालू ठेवायची. अंत्यविधीचा मोठा सोहळा, ‘रांबू सोलो’, रूढीच्या खात्यात गेला आणि वाचला. कुणाच्या मरणाला किती जनावरे कापायची, मांसाचा कोणता वाटा कुणाला द्यायचा, कुणी कुठे बसायचे, हे सगळे दर्जानुसार ठरत होते. म्हणजे देवळातून बाहेर काढलेली विषमता मांडवातून परत आत आली! बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपुरात धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा का दिल्या, ते यावरून कळते. नुसता देव बदलून भागत नाही, रूढीची नाळही तोडावी लागते.

आजही तोराजात माणूस गेला की त्याला लगेच पुरत नाहीत. औषध लावून घरातच ठेवतात. तो ‘मेला’ म्हणत नाहीत, ‘आजारी’ म्हणतात. पैसे जमेपर्यंत महिने जातात, कधी वर्षेही. मग पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव उभे राहतात, डुकरे आणि रेडे कापले जातात. रांतेपाओजवळच्या बोलूच्या बाजारात ठिपक्यांच्या दुर्मिळ रेड्याची किंमत दहा कोटी रुपियांच्या वर जाते. आपल्या हिशेबाने पाच लाखांहून जास्त. जो रेडा आहेर म्हणून आला, तो पुढे त्यांच्या घरच्या अंत्यविधीला परत द्यायचा. बापाने फेडला नाही तर मुलाच्या डोक्यावर. मेलेल्याच्या मानासाठी जिवंत माणसे कर्जात!

या कहाणीला दुसरी बाजूही आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून तोराजातली माणसे कामासाठी बाहेर पडली. कुणी मकास्सर शहरात गेले, कुणी कालिमान्तानच्या जंगलात, कुणी खाणींवर. त्यात खालच्या कुळातलीही होती. त्यांनी कमावले आणि गावी परतून आपल्या आईबापांचे सोहळे थाटात केले. ज्यांच्या पूर्वजांना मोजके तुकडे मिळत, त्यांनीच आता रेड्यांची रांग लावली. उच्चकुलीनांनी नाके मुरडली. पैसा आहे, पण रक्त कुठे आहे, असे म्हटले गेले. ही कुजबुज आपल्या ओळखीची नाही काय?

त्या माणसांचा राग मी समजू शकतो. ज्याला पिढ्यान् पिढ्या नाकारले, तो संधी मिळताच तेच हिसकावून घेणार. पण एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. मालकाची शिंगे आपल्या खांबावर लावली म्हणून खांब बदलत नाही. मान मोजण्याचे माप त्यांचेच राहते. गावाबाहेर मिळालेल्या कामाने आणि शिक्षणाने त्यांना मोकळे केले होते, पण त्यांनी कमाई परत त्याच मापात ओतली. आपल्याकडे लग्नाच्या मांडवात आणि मिरवणुकांत कर्ज काढून खर्च करणाऱ्यांनी हे जरा थांबून वाचावे.

१९८० च्या दशकात सरकारने तोराजाला ‘बालीनंतरचे ठिकाण’ म्हणून पुढे केले आणि केते केसू पर्यटकांच्या नकाशावर ठळक झाले. गावाला उत्पन्न मिळाले, कोरीव वस्तू विकल्या जाऊ लागल्या. वाईट काहीच नाही. पण पर्यटकाला दाखवतात ते तोंगकोनान. त्याच्या सावलीतली झोपडी दाखवायला उरलेलीच नाही. ‘कौनान’ हा शब्दही आता चारचौघांत उच्चारत नाहीत. शब्द उच्चारायची लाज वाटते, हे चांगले लक्षण आहे. मात्र लग्नाची बोलणी सुरू झाली की कुळाची चौकशी होते, आणि तेव्हा तो शब्द न उच्चारताही सगळ्यांना ऐकू येतो.

इंडोनेशियाच्या १९४५ च्या संविधानातील २७ वे कलम सर्व नागरिकांना कायद्यापुढे समान मानते. आपलेही संविधान तेच सांगते. कागदावरची समता मांडवात, ताटात आणि लग्नात उतरवण्याचे काम दोन्हीकडे बाकी आहे. म्हणून कुणी कुठल्याही देशातल्या सुंदर खेड्याचे चित्र समोर धरले तर जरूर पाहावे, कौतुकही करावे. पण एक प्रश्न विचारल्याशिवाय पान उलटू नये. ही नक्षी कोरायची परवानगी कुणाला नव्हती?