हिरवं चातुर्वर्ण्य

निसर्ग वाचवायची आता नोकरी निघालीय. करिअर म्हणतात तिला. कॉलेजात मेळावे भरतात, गुळगुळीत पत्रकं वाटतात. वन्यजीव शास्त्रज्ञ व्हा, पर्यावरण सल्लागार व्हा, कंपनीत सस्टेनेबिलिटी मॅनेजर व्हा! पत्रकावर वाघाचं तोंड, शेजारी दुर्बीणवाला गोरागोमटा पोरगा. पत्रक उलटं करा, सुलटं करा, डोक्यावर टोपली घेतलेली बाई कुठं दिसत नाही.

मी गोदीत बोजा उचलतो. शिक्षण मॅट्रिक. गाव भंडारा जिल्ह्यात. १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडणारा तोच भंडारा. तेव्हा मी डेहराडूनच्या खुर्चीवरून नाही, तिथल्या मातीवरून बोलणार.

आमचा जिल्हा तळ्यांचा. मालगुजारांच्या काळातले तलाव. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. त्यात मासे धरणारा ढिवर मात्र तिथंच राहिला, पाण्यात कमरेपर्यंत. तलावात बेशरम माजली, गाळ भरला, गावचा मासा हटला. तेव्हा भंडारा-गोंदियाच्या ढिवर बाया चिखलात उतरल्या. बेशरम उपटली, जुन्या पाणवनस्पती शोधून आणून पुन्हा लावल्या. कोणत्या गवतात कोणता मासा अंडी घालतो हे त्यांना पाठ. हेच काम डिग्रीवाल्यानं केलं तर ते 'पाणथळ पुनरुज्जीवन', त्याला पगार, त्याला परदेशवारी. ढिवर बाईनं केलं तर मजुरी!

आता जंगलाकडं या. २०१३ साली आमचं कोका अभयारण्य झालं. त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ वाचायला हवा, त्याच्याशी आमचं वैर नाही. पण त्या जंगलातली उतरंड बघा. सगळ्यात वर भारतीय वन सेवेचा साहेब. ती परीक्षा द्यायला विज्ञानाची, शेतकीची नाही तर इंजिनिअरिंगची पदवी लागते. आर्ट्सवाल्याला दार बंद. आणि आमच्या पोरांना गावच्या कॉलेजात काय मिळतं? आर्ट्स. त्याखाली आरएफओ. त्याखाली वनरक्षक. २०२३ च्या भरतीत त्यालाही बारावी, तीही विज्ञान, गणित, भूगोल नाही तर अर्थशास्त्र घेऊन. फॉर्मची फी हजार रुपये, मागासवर्गीयाला नऊशे. काय मेहेरबानी! आदिवासी भावाला दहावीची सूट आहे, ती हवीच. पण माझ्यासारखा दहावी पास बौद्ध पोरगा वनरक्षकाच्या रांगेतही उभा राहू शकत नाही. त्याची जागा आणखी खाली: रोजंदारीचा वनमजूर. जाळरेषा काढा, वणवा विझवा, पाणवठे भरा, झाडाला कॅमेरे बांधा. हंगाम संपला की घरी बसा. आणि सगळ्यात तळाला मोहफूल वेचणारी, तेंदूपान तोडणारी बाई. तिला तर कर्मचारी कोणी म्हणतच नाही. ती अतिक्रमण!

मरायची वेळ आली की उतरंड उलटी होते. तळातले पुढं. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात स्वाती ढुमणे ही वनरक्षक वाघांच्या खुणा मोजत पायी फिरत होती. वाघिणीनं तिला नेलं. मे २०२५ मध्ये चंद्रपूरच्याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानाला गेलेल्या तीन बाया एका दिवसात गेल्या. वाघांचा आकडा दिल्लीत जाहीर होतो तेव्हा टाळ्या वाजतात. त्या आकड्यात पायी चालणाऱ्याचे पाय मोजतं का कोणी?

वर विद्वानांचं तत्त्वज्ञान तयार आहेच. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहांनी १९९२ च्या 'धिस फिशर्ड लँड' या पुस्तकात मांडलं की जातीजातींनी निसर्गातली साधनं वाटून घेतली, म्हणून झगडा टळला आणि निसर्ग टिकला. गाडगीळ वनहक्काच्या बाजूनं बोलले, ते मान्य. पण ही मांडणी आम्हाला गिळत नाही. वाटून घेतली? कोणी वाटली? आमच्या वाट्याला मेलेलं ढोर आलं, ते आम्ही हौसेनं निवडलं होतं काय? १९३६ सालीच बाबासाहेबांनी हा बुरखा फाडला. जात नुसती कामं वाटत नाही, काम करणाऱ्यांना वाटते आणि एकावर एक रचते. त्याआधी १९२७ ला महाडात आपण मेलेल्या ढोराचं मांस सोडायचं ठरवलं, ते काय निसर्गाचा तोल बिघडवला म्हणायचं?

ढोरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅकनं गिधाडं मेली. २००६ साली ढोरांसाठी त्या औषधावर बंदी आली. आज गिधाडांसाठी प्रजनन केंद्रं आहेत, शास्त्रज्ञ आहेत, बजेट आहे. असू द्या. पण ढोर ओढणाऱ्या माणसाला काय? २०१६ साली गुजरातेत ऊनाला गाडीला बांधून चाबूक! गिधाडाला केंद्र आणि माणसाला काठी, हे कसलं संवर्धन?

२००६ चा वनहक्क कायदा आला. चांगला आला. पण आदिवासी नसलेल्यानं १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा. म्हणजे १९३० पासूनचा. १९३० साली आपण काळाराम मंदिराच्या दारात मार खात होतो. देवळात घेत नव्हते, त्या माणसाला जंगलात राहतो म्हणून दाखला कोण देणार होतं? कायद्यात म्हाताऱ्यांची साक्ष चालते, पण टेबलामागचा साहेब कागदच मागतो.

आता तुम्हाला बोलतो, शहरातल्या पोट्टेहो. तुम्ही म्हणता, जंगल-पर्यावरण ही पोट भरलेल्यांची भंकस, आपला संबंध काय? बाबासाहेबांनी गाव सोडा म्हटलं, बरोबरच म्हटलं. पण गाव सोडलं म्हणजे पाण्यावरचा, जमिनीवरचा हक्क सोडला असं नाही. नागपूरचा मैला नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेत, आणि गोसीखुर्दच्या पाण्यात येऊन साचतो. शहर घाण करतं, भंडारा पितो. त्या शहरातल्या गटारात उतरतो कोण? २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे, तरी गटारात माणसं मरतात. मरणारा कोणत्या वस्तीतला ते सांगायला नको. या देशातला पहिला पर्यावरण कामगार तो. त्याला कोणी करिअर म्हणत नाही.

म्हणून तोंड फिरवू नका. अकरावीला विज्ञान मिळत असेल तर घ्या. वन सेवेचा फॉर्म भरा, एमपीएससी द्या, पाण्याचं-मातीचं शास्त्र शिका, वनहक्काची वकिली करा. जागा राखीव आहेत, त्या रिकाम्या ठेवून 'लायक उमेदवार नाही' म्हणायची संधी देऊ नका. पण एक ध्यानात ठेवा. खाकी अंगावर चढली की समोरून टोपली घेऊन येणारी बाई तुमची आत्या असेल. १९२७ च्या इंग्रजी वन कायद्यानं तिला चोर ठरवलं. तुम्ही तिच्या टोपलीला लाथ मारणार असाल तर ती नोकरी तुम्हाला लखलाभ, आमच्यात येऊ नका.

आणि मागायचं ते भीक म्हणून नाही. वनमजूर कायम करा. वीस वर्षं तलावात, जंगलात घातलेल्या माणसाचं ज्ञान ही पात्रता माना, मोजणीच्या जागा त्याला द्या. तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा द्या, वसतिगृह द्या. १९३० ची अट काढा. गावाला जंगल द्या, गाव त्यातून रोजगार काढतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला, २०११ पासून गाव आपला बांबू आपण विकू लागलं. कोक्याच्या भोवतालच्या गावांना ते का जमू नये?

येत्या उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम लागेल. सुट्टीत गावी जाल तेव्हा सफारीच्या जिप्सीत बसू नका. ग्रामसभेत बसा. वनहक्काचा दावा कुठं अडलाय ते विचारा, कागद वाचून दाखवा, वनमजुरांची यादी करा. शिकलेल्या पोराचं पहिलं काम तेच आहे, पगार असो नसो.

जय भीम.