मेली नाहीये ती, झोपलीये!

बारा महिने हिरवीगार दिसणारी बाग हे सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला न शोभणारं खूळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला राग आला तर येवो.

आमच्या सोसायटीच्या मागे आंबा, करंज, जांभूळ अशी जुनी झाडी आहे. तिच्या सावलीत मी रानहळद लावलीये. पावसाळा लागला की जमिनीतून गुलाबी तुरा वर येतो, कधीकधी तर पानांच्याही आधी! (तो गुलाबी भाग म्हणजे फूल नव्हे बरं का, ती सहपत्रं. खरी फुलं पिवळी, खाली दडलेली.) दिवाळी उलटली की पानं पिवळी पडतात, वाळतात आणि वर काहीच उरत नाही. लगेच कमिटी हजर. "झाड मेलंय, उपटून टाका. पेव्हर ब्लॉक बसवू!"

अहो, सांगलीकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. पाला वाळला म्हणजे हळद तयार झाली, हे तो सांगेल. त्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आपल्याला आहेच. रानहळद तिचीच बहीण. पावसाळ्यात कमवायचं, कंदात साठवायचं आणि मग पुढचा पाऊस येईपर्यंत गप्प झोपायचं, असा तिचा साधा हिशेब. त्या झोपेत रोज पाइपने पाणी मारलंत तर कंद कुजतो. लाडाने मरते बिचारी.

आणि तो पाचोळा! झाडून, पोती भरून कचऱ्यात द्यायचा आणि वर पैसे मोजून खत आणायचं... हा कुठला व्यवहार? पाचोळा हीच त्या कंदांची गोधडी आणि तेच खत. साप-विंचवाची भीती मला मान्य आहे. मग पायवाट झाडा की रोज. झाडांच्या बुंध्याशी कोण फिरायला जातंय?

गंमत म्हणजे हीच मंडळी सप्टेंबरात कासला रांगा लावतात. तिथली चवर याच हळदीच्या कुळातली. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासचं पठारही आहे. एकदा मार्चमध्ये जाऊन बघा, कसं उघडंबोडकं असतं ते. तिथेही पेव्हर ब्लॉक बसवायचे का?

असो. एक विनंती मात्र कळकळीची. ट्रेकहून येताना फुललेली रानहळद उपटून आणू नका. ऐन बहरात उपटलेलं रोप तुमच्या कुंडीत रुसतं आणि रानातली जागाही रिकामी होते. माझे कंद एका ओळखीच्यांच्या परसातून मे महिन्यात मागून आणलेले आहेत, आता त्यांचे बरेच झालेत. शेजारपाजारच्या कुणालाही मी आनंदाने देईन.

अट एकच: जिवंत आहे का हे बघायला जानेवारीत उकरायचं नाही.