हवेचा दाब आणि पेरणीची घाई

मृग नक्षत्र लागले, एक जोरदार सर कोसळली, मातीचा वास सुटला, की शेतकऱ्याचा हात आपोआप तिफणीकडे जातो. हे स्वाभाविक आहे. परंतु ती सर मोसमी पावसाची की वळवाची, याचा विचार न करता केलेली पेरणी पुष्कळदा वाया जाते, हा आपल्या कोरडवाहू मुलखाचा वारंवारचा अनुभव आहे. बी आणि खत मातीत जाते, दुसऱ्या बियाण्यासाठी कर्ज काढावे लागते आणि हंगामही मागे पडतो. म्हणूनच पेरणीचा निर्णय केवळ एका सरीवर न सोपविता, हवेचा दाब व वारा यांची वार्ता लक्षात घेऊन तो करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हवेला वजन आहे आणि त्या वजनाचा दाब आपणा सर्वांवर सतत पडत असतो. हवामानखाते तो हेक्टोपास्कल या परिमाणात सांगते. समुद्रसपाटीवर तो सरासरी 1013 असतो. जमीन तापली म्हणजे तिच्यावरील हवा प्रसरण पावून वर चढते व वरच्या थरांतून बाजूस पसरते. त्यामुळे खालचा दाब उतरतो. पाटाचे पाणी जसे उंचाकडून सखलाकडे धावते, तशी हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. हाच वारा होय. दाबातील फरक जितका मोठा, तितका वाऱ्याचा जोर अधिक.

आपला पावसाळा या एकाच नियमाने चालतो. उन्हाळ्यात राजस्थान व सिंधचा वाळवंटी प्रदेश तापून तेथील दाब 1000 च्याही खाली उतरतो. त्याच वेळी दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस तो 1020 च्या वर असतो. तेथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरील बाष्प घेऊन नैर्ऋत्येकडून आपल्या किनाऱ्यावर येतात. वळीव मात्र असा दूरचा पाहुणा नव्हे. तो दुपारच्या स्थानिक तापण्यातून उपजतो, गडगडाट करतो, एक शिवार भिजवितो, शेजारचे कोरडे ठेवतो आणि बहुधा रात्र पडताच ओसरतो. त्याच्या भरवशावर पेरणी करणे धोक्याचे आहे.

येथे घाटमाथ्यापलीकडील शेतकऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. पश्चिमेचा वारा सह्याद्रीला अडून वर चढतो, थंड होतो आणि कोकणावर बरसतो. तोच वारा पूर्वेस उतरताना उबदार व कोरडा होतो. म्हणून माण-खटावकडे वारा सोसाट्याचा असूनही ढग नुसतेच पळताना दिसतात. मराठवाडा व विदर्भ यांना भरघोस पाऊस बहुतेक वेळा तेव्हा मिळतो, जेव्हा बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते पश्चिमेकडे वा वायव्येकडे सरकते. उलट, उत्तर भारतातील कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला, की आपल्याकडे पावसाची उघडीप पडते.

अलीकडील दोन वर्षे याची साक्ष देतात. 2023 साली जूनमध्ये अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ चक्रीवादळ उठले. केरळात मोसमी पाऊस 8 जूनला आला खरा, पण मुंबईस तो 25 जूनला पोहोचला. मृग बहुतेक कोरडा गेला. 2025 साली याच्या उलट घडले. पाऊस 24 मे रोजी केरळात व 26 मे रोजी मुंबईत आला, आणि पुढे जूनच्या मध्यापर्यंत त्याची वाटचाल खुंटली. लवकर आलेल्या पावसाने हुरळून पेरणी करू नये, असे कृषी विभागाला सांगावे लागले. नक्षत्र सूर्याचे स्थान दाखविते. हवेचा दाब कोठे किती आहे, हे ते सांगू शकत नाही.

कोणी म्हणेल, वाट पाहण्यातही तोटा आहे. हा आक्षेप खरा आहे. मूग व उडीद यांची पेरणी लांबली तर उत्पादन घटते. आमचे सांगणे हात जोडून बसून राहावे असे नव्हे, तर डोळसपणे थांबावे असे आहे. साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावरच पेरणी करावी, ही शिफारस सर्वांच्या परिचयाची आहे. तिला दाबाच्या वार्तेची जोड द्यावी, इतकेच.

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घ्यावा. पंचायतीच्या फळ्यावर पावसाच्या आकड्याशेजारी रोज दोन ओळी लिहाव्यात: आज वारा कोणत्या दिशेचा, आणि कमी दाबाचे क्षेत्र कोठे. वाऱ्याकडे पाठ करून मोकळ्या जागी उभे राहिल्यास कमी दाब आपल्या डाव्या हातास, किंचित पुढे असतो. ही साधी खूण शाळेतील मुलांनाही शिकविता येईल. डोंगराच्या कुशीत व समुद्रकाठी ती फसू शकते, हेही सांगावे. तसेच मोबाइलवर दिसणारा दाबाचा आकडा समुद्रसपाटीचा आहे की गावच्या उंचीवरचा, हे पाहून घ्यावे. पुण्याएवढ्या उंचीवर दाब मुळातच सुमारे 60 हेक्टोपास्कलने कमी असतो. त्यास वादळाची चाहूल समजू नये.

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. बियाण्याची पिशवी केव्हा सोडावी, हे मात्र आपल्याच हाती आहे. तो निर्णय वाऱ्याची वार्ता ऐकून घेतला, तर घरातील बी मातीत फुकट जाण्याचे प्रसंग निश्चितच कमी होतील.