कान मिळाला, पुढे काय?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाच्या कानामागे शस्त्रक्रियेने एक छोटे यंत्र बसविले जाते. काही आठवड्यांनी ते सुरू होते आणि आईच्या हाकेला मूल पहिल्यांदाच दचकून मान वळविते. पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात. छायाचित्रे निघतात, सत्कार होतात आणि कुटुंब आपल्या गावी परतते. खरी कसोटी तेथे सुरू होते. पण तेथे छायाचित्रकार नसतो.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये 'एडिप' योजनेत सुधारणा करून दरवर्षी ५०० बालकांना प्रत्येकी ६ लाख रुपयांपर्यंत खर्चाचे कॉक्लिअर इम्प्लांट देण्याची तरतूद केली. ती निःसंशय स्वागतार्ह होती. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांवर होती. त्या सर्वांना हे यंत्र लागत नाही हे खरे, तरीही गरज आणि तरतूद यांतील अंतर झाकता येणारे नाही.

त्याहून गंभीर प्रश्न पुढचा आहे. हे यंत्र चष्म्यासारखे नाही, की लावले आणि दिसू लागले. आतील तारा श्रवणमज्जातंतूला विद्युत्संकेत देतात. त्या संकेतांचा अर्थ लावावयास मेंदूला शिकवावे लागते. त्यासाठी वाचाउपचारतज्ज्ञाकडे महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. रोजंदारी बुडवून तालुक्याहून शहरात मुलाला घेऊन जाणाऱ्या मातेने हे किती दिवस करावे? शिवाय कानावरील प्रोसेसर बिघडतो, वायर तुटते, बॅटरी संपते. हमीची मुदत संपली की दुरुस्तीचे आकडे ऐकून बाप गप्प होतो आणि ते मूल्यवान यंत्र कपाटात जाते. मूल पुन्हा निःशब्द! एकदा ऐकल्यानंतरचे हे बहिरेपण अधिक क्रूर नव्हे काय?

याचे मूळ परावलंबनात आहे. या यंत्रांच्या जागतिक बाजारावर ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रियासारख्या देशांतील मोजक्या कंपन्यांचे वर्चस्व आहे. एका कंपनीचा प्रोसेसर दुसरीच्या इम्प्लांटला चालत नाही. म्हणजे ग्राहक जन्मभराचा बांधील! जयपूर फूट याच देशात घडला. मदुराईच्या ऑरोलॅबने १९९२ पासून डोळ्यातील भिंग येथे बनवून त्याची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आणली. डॉ. अब्दुल कलाम यांच्या प्रेरणेने संरक्षण संशोधन संस्थेने स्वदेशी इम्प्लांटचे काम हाती घेतले होते. त्याला कालबद्ध पाठबळ का मिळू नये? हृदयातील स्टेंटच्या किमतींवर २०१७ मध्ये सरकारने मर्यादा घातली. प्रोसेसर आणि सुट्या भागांबाबत तो विचार अशक्य नाही.

स्वदेशी यंत्र येईल तेव्हा येईल. तोवर योजनेच्या खर्चातच सुटे भाग आणि प्रवासभाडे धरले जावे, तसेच जिल्हा रुग्णालयात वाचाउपचारतज्ज्ञाचे पद भरले जावे. कार्यकर्त्यांनीही आपल्या वस्तीत असे एखादे मूल असल्यास त्याचे यंत्र आज चालू आहे की कपाटात, याची चौकशी घरी जाऊन करावी.