मेल्या झाडातला राखणदार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील पाइनच्या जंगलात सालीवर लगबगीने धावणारी एखादी ‘मुंगी’ प्रत्यक्षात भुंगेरा निघते. डोक्याकडची बाजू तांबूस, मागे काळी पाठ आणि तिच्यावर पांढरट नागमोडी पट्टे. लांबी एक सेंटिमीटरच्या आतबाहेर. थानासिमस ड्युबियस हे त्याचे शास्त्रीय नाव.

तो दबा धरून असतो तांदळाच्या दाण्याएवढ्या साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यासाठी. हा शत्रू झाडावर एकटा तुटून पडत नाही. आधी पोहोचलेल्या माद्या गंध सोडतात, त्यामागून झुंडी येतात आणि उभे झाड वाळते. पण तोच गंध शिकाऱ्यालाही वाट दाखवतो. उतरलेला भुंगेरा पायांत घट्ट धरायचा, कवच फोडायचे आणि आतले मांस खायचे. शिकाऱ्याची मादी सालीच्या भेगांत अंडी घालते. अळ्या थेट बोगद्यांत शिरून शत्रूची पिल्ले फस्त करतात.

1892 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात या किडीने थैमान घातले, तेव्हा कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी जर्मनीहून या शिकाऱ्याचा युरोपीय भाऊबंद आणून सोडला. तो तिथे रुजला नाही. कीड मेली ती कडाक्याच्या थंडीने. घरचा राखणदार मात्र जंगलात आधीपासूनच होता.

आता त्याची दखल घेतली जाते. दर वसंतात वनखात्याची माणसे गंधसापळे लावतात आणि कीड किती, शिकारी किती हे मोजतात. किडीचे पारडे जड असेल तर ते वर्ष धोक्याचे.

मोजणी हवीच, पण खरी कसोटी कुऱ्हाड चालवताना लागते. शत्रूची पिढी काही आठवड्यांत तयार होऊन उडून जाते. शिकाऱ्याची वाढ संथ असते. कित्येक पिल्ले झाड वाळल्यावर महिनोन्‌महिने, काही तर वर्ष उलटल्यावरही सालीतच असतात. कीड अजून आत असलेली झाडे तातडीने हटवावीत, यात दुमत नाही. पण जिथून ती केव्हाच उडून गेली आहे, ते वाळके खोड नजरेला खुपते म्हणून तोडणे म्हणजे आपलीच फौज सरणावर ठेवणे आहे. जंगल नीटनेटके दिसण्याचा हा हट्ट सोडायला हवा. वाळक्या सालीच्या बाहेरच्या थरात, बोटाच्या पेराहून लहान पोकळीत, गुलाबी छटेची अळी कोष करून असते. तिला फक्त ते झाड उभे हवे आहे.