सपातांचा धडा

जपानात नागासाकी येथील एका शाळेत इंग्रजी शिकविण्याचे काम काही काळ आमच्याकडे होते. आरंभी आम्ही प्रश्न विचारावा आणि साऱ्या वर्गाने माना खाली घालाव्यात, असाच क्रम चाले. मुले मंद आहेत की उद्धट, असा संशय आमच्या मनात डोकावला. दोन्ही तर्क खोटे होते. कागदावर तीच मुले व्याकरणाचे अवघड प्रश्न बिनचूक सोडवीत. त्यांस भय होते ते चारचौघांत चुकण्याचे.

त्यांची अडचणही खरी होती. जपानीत 'र' आणि 'ल' असा भेद नाही. शब्दाच्या अंती अनुनासिकावाचून दुसरे व्यंजन टिकत नाही. म्हणून 'मिल्क'चे 'मिरुकु' होते. आपल्या आजीने 'स्टेशन'चे 'इष्टेशन' केले, त्यातलाच हा प्रकार.

त्या शाळेत दाराशी जोडे काढून सपाता घालावयाच्या, आणि शौचालयाच्या दारी त्याही उतरवून तेथल्या निराळ्या सपाता घालावयाच्या, असा नियम होता. एके दिवशी घाईत आम्ही त्या निराळ्या सपातांनिशीच वर्गात शिरलो. वर्ग स्तब्ध झाला. मग कधीही न बोलणारी एक मुलगी उठून म्हणाली, "फादर, राँग सुरिप्पा!" आम्ही खाली पाहिले, वाकून मोडक्या जपानीत क्षमा मागितली, आणि सारा वर्ग आमच्यासह हसला. तिचे ते पहिले इंग्रजी वाक्य! त्या दिवसापासून तोंडे उघडू लागली. रोज मुले स्वतः वर्ग झाडीत, पुशीत. आम्हीही फडके घेऊन त्यांत मिसळलो. तेव्हा ती आमचे जपानी सुधारीत. आम्ही विद्यार्थी, ती गुरू.

त्याच नगरात निशिझाका टेकडीवर आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी हुतात्मा झाले. ते फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे होते. त्या टेकडीवर उभे असता मनात येई, त्यांचे पहिले जपानी शब्दही अडखळतच उमटले असतील.

आपल्या बेळगावकडील मुलांस घरी मराठी, शेजारी कन्नड, शाळेत इंग्रजी. मूल चुकले की आपण हसतो, किंवा दटावतो, आणि ते गप्प होते. त्याऐवजी आपणच आधी त्याच्यासमोर चुकावे, आणि त्याला आपली चूक सुधारू द्यावी. आम्हांस हे शिकण्यास दुसऱ्याच्या सपाता घालाव्या लागल्या.