जुनी पेटी : वाजती ठेवाल तर टिकेल

श्रावण लागला म्हणजे आपल्या खानदेशात कानबाईच्या रोटांची गडबड सुरू होते. पाठोपाठ गोकुळाष्टमी येते, पोळा येतो, गणपती येतात. मग गावोगावचे हरिनाम सप्ताह. एरवी वर्षभर जिची कोणाला आठवण नसते ती बाजाची पेटी या दिवसांत माळ्यावरून किंवा देवळाच्या कोनाड्यातून खाली काढली जाते. टाळ पुसले की वाजतात, मृदंगाला कणीक लावली की तो बोलू लागतो. पेटीचे तसे नाही. झाकण उघडावे तो आत उंदराचे घरटे. चार पट्ट्या मुक्या, एक पट्टी न दाबताच आपली रडते आहे आणि भाता कितीही हलवा, वारा धरीत नाही. मग बसलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतो, “वाजाडाले कोनीच नही, इकी टाकूत का?”

वाचकहो, ‘इकी टाकूत का’ याचे उत्तर घाईने देऊ नका. आजच्या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

आधी ही पेटी आपल्या घरात आली कशी ते पाहू. मूळची ती परदेशी. पॅरिसमधल्या अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिराने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य टेबलाएवढे, खुर्चीवर बसून आणि पायाने भाता मारून वाजवायचे. मिशनरी लोकांबरोबर ते आपल्या देशात आले. पण आपली माणसे मांडी घालून बसणारी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पाय काढून टाकून भाता मागच्या बाजूस लावला आणि एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर अशी आजची हातपेटी तयार झाली. डोक्यावर घेऊन शिवेपलीकडच्या गावाला नेता येईल असे हे वाद्य. कीर्तनकाराने ते उचलले, नाटकवाल्याने उचलले आणि भजनी मंडळाने तर आपलेच केले.

नाटकाचे म्हणाल तर कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी नुसत्या पेटीवर मैफल रंगवून दाखवली. 1911 साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. त्या नाटकात भामिनीचे काम करणारे बालगंधर्व लहानपणी आपल्या जळगावास राहून मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेत होते. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांचेच नाव लावते. पुढे बालगंधर्वांच्या स्वतःच्या मंडळीत पेटीच्या जागी पायाचा ऑर्गन आला, पण खेड्यापाड्यांत हातपेटीचेच राज्य राहिले.

या पेटीवर मोठ्यांचा राग मात्र फार. तिचे सूर ठरलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर गळ्यासारखे घसरत जाता येत नाही, म्हणून ती आपल्या गाण्याला परकी, असे जाणकार म्हणत. रवींद्रनाथ टागोरांनाही ती पसंत नव्हती. 1940 साली तर आकाशवाणीने तिला दारच बंद केले. ती बंदी 1971 च्या सुमारास सैल झाली. म्हणजे तीस वर्षे रेडिओवर पेटी नव्हती. पण त्या तीस वर्षांत आपल्या गावातली काकड आरती पेटीवाचून झाली काय? मुक्ताईच्या पालखीबरोबर चालणाऱ्यांनी, अमळनेरला बोरीच्या वाळवंटात सखाराम महाराजांच्या यात्रेला जमणाऱ्यांनी पेटी सोडली काय? मुळीच नाही. शहराने नाकारलेले वाद्य गावाने सांभाळले. असे असता आज गावानेच ते भंगाराच्या हातगाडीवर घालावे, हे बरे दिसत नाही.

गावातल्या बहुतेक पेट्या वर्गणीच्या. कापूस विकला गेला की कोणी रोख देई, कोणी पायलीभर ज्वारी देई. त्यातून पेटी येई आणि तिच्या अंगावर मंडळाचे नाव रंगवले जाई. घरातल्या पेट्या आप्पांच्या नाहीतर नानांच्या. कोणत्या पट्टीला किती दाब लागतो हे त्यांच्या बोटांना ठाऊक. काळी एक, पांढरी चार, काळी पाच ही त्यांची भाषा. गाणारा बसला की त्याचा खाकरा ऐकूनच ते पट्टी काढीत. असे आप्पा गेले की घरचे लोक पेटीला स्वच्छ पुसतात, कुलूप घालतात आणि फोटोखाली ठेवतात. मनात आदर असतो, पण पेटीच्या दृष्टीने ही शिक्षा होय. आमच्याकडचे एक जुने पेटीवाले बाबा अशा घरी गेले म्हणजे स्पष्ट सांगत, “पेटीले हात लावा, नुसता हार लावाथीन काय व्हस?”

बाबांचे बोलणे कारागिरीच्या दृष्टीनेही खरे आहे. पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ जिभा असतात. त्यांना आपण सूर म्हणतो. एका टोकाला त्या पट्टीवर ठोकलेल्या असतात, दुसरे टोक मोकळे. वारा गेला की मोकळे टोक थरथरते आणि आवाज निघतो. जीभ आणि तिच्या घरामध्ये जागा इतकी थोडी की धुळीचा एक कण बसला तरी सूर मुका होतो. पेटी वाजत असली की वारा हे कण उडवून लावतो. बंद राहिली की धूळ बसते, पितळेवर हिरवा थर चढतो, भात्याचे चामडे कडक होऊन घडीवर तडकते, पट्टीखालची मऊ गादी कसर खाते. त्यात आपली हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, लाकूड आकसते, सांधे उघडतात. पावसाळ्यात तेच लाकूड फुगते आणि पट्ट्या अडकतात.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ 1927 पासून जुने कागद जपत आले आहे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून जमवलेली रामदासी बाडे तिथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. कागदाला अंधारे, कोरडे कपाट मिळाले की तो शंभर वर्षे टिकतो. पेटी कपाटात टिकत नाही. जुन्या बैलगाडीचे जसे, तसेच पेटीचे. चालती राहिली तरच ती चालते.

आता घरी करण्यासारख्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, पेटी तपासा. भाता दोनचार वेळा हलवून वारा भरा आणि एकही पट्टी न दाबता भात्यावर हलका दाब द्या. हाताला भरीव अडथळा लागला तर वारा आत टिकतो आहे. भाता रिकाम्या पिशवीसारखा मिटला तर कोठेतरी गळती आहे. जोर करू नका, जुनी शिवण फाटेल.

दुसरी, एखादी पट्टी मुकी असेल तर ती दाबून धरा आणि भाता जरा जोरात हलवा. बहुतेक वेळा कण उडून सूर मोकळा होतो. पट्टी न दाबता रडत असेल तर तिच्याखालची गादी नीट बसत नाही किंवा स्प्रिंग सैल झाली आहे, असे समजावे.

तिसरी, सूर कानस किंवा चाकूने खरवडू नका. जिभेचे मोकळे टोक घासले की सूर चढतो, ठोकलेल्या बाजूला घासले की उतरतो. हे काम केसाइतके बारीक. घासून गेलेले पितळ परत येत नाही आणि जीभ पातळ झाली की मोडते. हे कारागिराच्याच हाती द्यावे. एखादी जीभ मोडली म्हणून सगळी पेटी गेली असेही नव्हे. सूर सुटा बदलता येतो. सौराष्ट्रातले पालिताणा हे गाव अशा सुरांसाठीच प्रसिद्ध आहे. ज्या पेटीचे लाकूड शाबूत आहे आणि सूर जुने पण धड आहेत, ती दुरुस्त करणेच शहाणपणाचे.

चौथी, ठेवायची कशी? जमिनीवर नको, वाळवी लागेल. चुलीच्या धुरात नको, खिडकीच्या उन्हात नको. भाता मिटवून, आकडा लावून, सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवावी. जवळ कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याची पुरचुंडी असावी. आत तेल सोडू नये आणि ओला फडका फिरवू नये.

पाचवी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी होणारी. आठवड्यातून एकदा, पाव तास, सगळ्या पट्ट्यांवरून बोटे फिरवा. येत नसले तरी फिरवा.

येणारे कोण उरले, असे विचाराल. मोबाईलमध्ये पेटीचा आवाज निघतो, वरातीत मोठे भोंगे वाजतात, मग ही खटपट कोणी करावी? त्याचे उत्तर मला गावातल्या महिला भजनी मंडळांत दिसते. हरिपाठ म्हणायला जमणाऱ्या लेकीसुनांपैकी एकीला तरी सा रे ग म शिकायची हौस असतेच. पेटी पुरुषांचीच, असे कोणत्याही पोथीत लिहिलेले नाही. आप्पांची पेटी सुनेने वाजवली तर आप्पांचा मान कमी होत नाही. घरात कोणीच नसेल तर ती गावच्या शाळेला किंवा शिकणाऱ्या पोराला द्या. पण देताना चालू करून द्या, मोडकी देऊ नका.

गावात जुना वाजवणारा कोणी हयात असेल तर त्याला आताच गाठा. गौळण कोणत्या पट्टीत उचलायची, काकड्याची चाल कोठे मोडायची, हे त्याच्या बोटांत आहे, वहीत नाही. पेटी दुरुस्त करणारा कारागीर जिल्ह्याच्या गावी शोधून मिळेल. आपल्या गावची चाल सांगणारा तिथे मिळायचा नाही. त्याच्या शेजारी पोरीला बसवा आणि पेटी दोघांच्या मध्ये ठेवा.

भादव्यात गणपती बसायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात पेटी खाली काढा, झाडा, पुसा आणि सूर मुके किती, बोलके किती ते मोजा. बोलके जास्त निघाले तर विकण्याची गोष्ट काढू नका.